पाइनचे शेंडे

आमच्या शिकार-टोळीत एक नियम आहे, तो कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ज्याची गोळी चुकेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी घरी केलेला केक आणायचा. विकतचा चालत नाही. पूर्वी बायकोने केलेला चालायचा, पण बायकाही बंदूक घेऊन मचाणावर बसायला लागल्या तेव्हापासून ती सवलत बंद झाली. मी आणलाय केक, एकदा नव्हे. आमचा म्होरक्या राग्नवाल्ड तर इतके वेळा चुकलाय की त्याच्या वेलदोड्याच्या केकची आता लोक वाट बघतात. माझ्या बाबाने, सिक्स्टनने, मात्र कधीच आणला नव्हता. ओव्हनचं दार कुठून उघडतं हेही त्याला ठाऊक नाही, असं आई म्हणायची. त्यात अर्धा टोमणा असायचा आणि अर्धा अभिमान.

पण चुकलेल्या गोळीची गोष्ट नंतर. आधी लागलेल्या गोळीची सांगते.

त्या वर्षी सप्टेंबरात धुकं फार होतं. बाबा मोठ्या दलदलीच्या काठावर, त्याच्या नेहमीच्या मचाणावर बसला होता. राग्नवाल्ड कुत्रा घेऊन पलीकडच्या रानात होता. रेडिओवर तो म्हणाला, मूस उठलाय, एकटाच वाटतोय, तुझ्याकडे येतोय. मूस म्हणजे आमच्याकडचं घोड्याहून उंच हरीण. थोड्या वेळाने धुक्यातून एक मादी बाहेर आली आणि दलदलीच्या मधोमध उभी राहिली.

मूसच्या शिकारीतली पहिली अक्कल, जी आम्हाला सायकलच्या आधी शिकवतात, ती म्हणजे पाडस आधी, आई नंतर. पाडस गेलं तर आई जगते. आई गेली तर पाडस हिवाळा काढत नाही, कारण छातीएवढ्या बर्फात वाट तुडवते ती आईच, पाडस नुसतं तिच्या मागून चालतं. म्हणून मादी एकटी दिसली तरी थांबायचं. बाबा थांबला. किती थांबला हे मला माहीत आहे, कारण पलीकडच्या मचाणावर मीच होते, आणि माझे पाय बधिर व्हायला लागले होते. मागून काहीही आलं नाही. मादी वळली, चालायला लागली, आणि बाबाने गोळी झाडली. ती जागच्या जागी पडली. बाबाची गोळी म्हणजे जनावराला कळतसुद्धा नाही, असं सगळे म्हणतात.

आम्ही जमलो. सुरी चालवायच्या आधी राग्नवाल्डने नेहमीप्रमाणे खाली वाकून मादीची कास दाबली. दूध आलं. हिरव्या शेवाळावर पांढरं दूध सांडलं, म्हणजे मागे पाडस होतं. कुत्र्याने मान वळवली म्हणून आम्हीही वळवली. वाळुंजाच्या झुडपांशी पाडस उभं होतं. डाव्या कानाची कड फाटलेली, नाक वर करून ते आईचा वास घेत होतं.

अशा वेळी काय करायचं हेही ठरलेलं आहे. पाडसालाही तिथेच मारायचं. त्यातच दया आहे असं आम्ही मानतो, आणि मी अजूनही मानते. राग्नवाल्डने बंदूक खांद्याला लावली, पण आधी बाबाकडे पाहिलं. बाबाने मान हलवली, नको. तेवढ्यात धुकं पुन्हा दाटलं आणि पाडस त्यात मिटून गेलं.

बाबाने स्वतःच पोलिसांना फोन करून चूक कळवली. मांसातला आपला वाटा घेतला नाही. त्या मोसमात तो पुन्हा शिकारीला आलाच नाही. कधीतरी सरपण फोडायचा, बाकी वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा. आई गेल्यापासून तो तसाही कमीच बोलायचा, आता तेही थांबलं.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात राग्नवाल्ड आमच्या स्वयंपाकघरात आला. शेजारची योर्डिस आधीच येऊन बसली होती. तिच्या पाच-सहा मेंढ्या आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. मी कॉफी ओतली, तिच्यात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे टाकले. राग्नवाल्डने आधी हवामानावर बोलून घेतलं, मग कुत्र्याच्या पंजावर, आणि मग मुद्द्यावर आला. जानेवारीअखेरपर्यंत शिकारीची मुदत आहे. पाडस अजून दलदलीपाशीच फिरतंय. टोळीने ते मारावं असं त्याला वाटत होतं, आणि बाबाला न सांगता मारायचं नव्हतं.

योर्डिस म्हणाली, तिच्या गोठ्यात गवत उरलंय, दोन भारे नेऊन टाका की.  योर्डिसच तो विषय काढेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या कडक हिवाळ्यात तिने दारात आलेल्या एका मादीला असंच गवत घातलं होतं. ती मादी रोज यायची, पोटभर खायची, आणि एके सकाळी गोठ्यामागे मेलेली सापडली. पोट ढोलासारखं फुगलेलं. डॉक्टरने पोट उघडलं तर आत गवतच गवत, जसंच्या तसं. हिवाळ्यात मूसचं पोट काड्या-फांद्यांवर बसलेलं असतं. त्यात एकदम गवत, बटाटे, पाव गेलं तर ते पोट बंदच पडतं. ती बिचारी भरल्या पोटी उपाशी मेली होती.

राग्नवाल्डने एवढंच विचारलं, "योर्डिस, तू विसरलीस?"

"मी कशी विसरेन? पुरली मीच ना," योर्डिस म्हणाली. "पण ती मेली तेव्हा तिला वाटत होतं की कुणीतरी आपलं आहे. तुमच्या जंगलात मरतात त्यांना तेवढंही वाटत नाही."

राग्नवाल्ड अडला की पावावर लोणी लावतो. त्याने बरंच लोणी लावलं.

मग बाबा बोलला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो सलग दोन वाक्यं बोलला. "एवढा हिवाळा मला दे. गवत नाही घालणार."

"मग काय करणार? दूध पाजणार?" राग्नवाल्डने विचारलं.

"वाट तुडवीन," बाबा म्हणाला. "आणि पाइन पाडीन."

याला खायला घालणं म्हणायचं की नाही, यावर आमच्याकडे कुणाचंच एकमत होणार नाही. जंगलात तोड चालते तेव्हा पाइनचे शेंडे खाली राहतात, आणि मूस येऊन ते सालीसकट साफ करतात. उभ्या झाडाचा शेंडा त्यांना मिळत नाही, आडव्या झाडाचा मिळतो. कित्येक जंगलवाले हिवाळ्यात मुद्दाम थोडी झाडं पाडून तशीच ठेवतात. त्यांचं त्यांचंच अन्न, फक्त हाताशी आणून दिलेलं. राग्नवाल्डने विचार केला आणि मान डोलावली. जाताना दारात मला हळूच म्हणाला, पाडसासाठी नाही, त्याच्यासाठी हो म्हटलंय.

बाबाने पाडायला घेतले ते घरामागच्या उतारावरचे पाइन. माझ्या जन्माच्या वर्षी लावलेले. मला जरा लागलं, आणि तसं मी म्हटलंही.

"तू कधी त्यांच्याकडे बघितलंस?" बाबा म्हणाला.

खरं होतं. 

रोज सकाळी, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात जी काही सकाळ होते तेव्हा, बाबा स्नो-स्कूटर काढायचा. दलदलीपासून उतारापर्यंत जायचा-यायचा, जायचा-यायचा, बर्फ दाबून कडक करायचा, म्हणजे पाडसाचे पाय रुतणार नाहीत. मग करवतीचं मशीन चालू करायचं, एक पाइन आडवा करायचा, आणि लांब जाऊन थांबायचं. सुरुवातीला पाडस अंधार पडल्यावरच यायचं. आम्हाला फक्त दुसऱ्या दिवशी कुरतडलेल्या फांद्या दिसायच्या. बाबा हातमोजा काढून त्या कुरतडलेल्या टोकांवरून बोट फिरवायचा.

जानेवारीत थंडी अशी पडली की नाकातले केस कडकड वाजायचे. त्या दिवसांत पाडसाने एक गोष्ट शिकून घेतली. करवत ओरडली की झाड पडतं, झाड पडलं की शेंडा मिळतो. मग ते संध्याकाळची वाट बघेना. मशीन सुरू झालं की ते वाळुंजातून निघायचं, बाबाने दाबलेल्या वाटेने टुकूटुकू यायचं, आणि झाड अजून पडायचं असताना उभं राहून बघायचं, हॉटेलात ताटाची वाट बघावी तसं. बाबाला आता झाड पाडायच्या आधी त्याला बाजूला हाकलावं लागायचं.

आणि बाबा त्याच्याशी बोलायला लागला.

मी एकदा जेवायला बोलवायला गेले तर बाबा बुंध्यावर बसून त्याला सांगत होता की राग्नवाल्डच्या कुत्र्याला अक्कल नाही, एकटी मादी आणि पाडसवाली मादी यात फरक कळत नाही त्याला. पाडस चघळत होतं. मी तशीच मागे फिरले. जेवण थंड झालं ते झालं. त्या रात्री जेवताना बाबा मला म्हणाला की आई असती तर तिने याला नाव ठेवलं असतं, मी ठेवत नाही, नाव ठेवलं की संपलं. बाबाच्या तोंडून आईचा उल्लेख मी दोन वर्षांनी ऐकत होते. म्हणून मला पुढचं दिसत असूनही मी गप्प बसले.

पुढचं बोलला तो राग्नवाल्ड. मार्चमध्ये तो स्कीवरून आला, उतारावर उभा राहिला, आणि त्याने पाहिलं की पाडस बाबापासून हातभर अंतरावर बसून रवंथ करतंय. ते उठलंसुद्धा नाही. राग्नवाल्डने स्की काढल्या नाहीत.

"सिक्स्टन," तो म्हणाला, "तू म्हणालास खायला घालणार नाही. घातलं नाहीस. लळा लावलास."

बाबा म्हणाला, ते जगलं ना.

"जगलं. आता सप्टेंबरात माझ्यासमोर येऊन उभं राहील. मग मी काय करू? विचारू, बाळ, तू कुणाचा?"

बाबाने त्याला सांगितलं की टोळीने फाटक्या कानाचा मूस मारायचा नाही, बस. राग्नवाल्ड म्हणाला, आम्ही नाही मारणार. पण नदीपलीकडे दुसरी टोळी आहे, तिला कान दाखवायला कोण जाणार? रस्त्यावर ट्रक आहेत. आणि या रानात करवत फक्त तुझ्याकडे आहे का? जो कुणी करवत चालवेल त्याच्याकडे तो जाईल. माणूस म्हणजे पाइनचा शेंडा, एवढंच त्याला माहीत आहे. हे सगळं राग्नवाल्ड चिडून बोलला नाही, म्हणूनच जास्त लागलं.

बर्फ वितळला, भूर्जांना पालवी फुटली, आणि पाडस आत रानात गेलं. बाबाने सुटकेचा निःश्वास टाकला, निदान तसं दाखवलं. जूनमध्ये ते आमच्या अंगणात आलं. आता त्याला पाडस म्हणणं अवघड होतं. डोक्यावर वीतभर दोन शिंगं, पाय टेबलाएवढे लांब, गुडघे मात्र अजून कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे. त्याने माझ्या ट्यूलिपची फुलं खाल्ली, देठ ठेवले. बाबाने टाळ्या वाजवल्या, बादली बडवली. त्याने कान टवकारून बादलीकडे पाहिलं, आत काही आहे का म्हणून. योर्डिसने आपल्या कुंपणापलीकडून हे पाहिलं आणि ती हसली, पण मग तिचं हसू थांबलं. तिने मला विचारलं, "हा असाच सगळ्यांकडे बघतो का?"

ऑगस्टमध्ये बाबा सरपण कापत होता. मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, फाटक्या कानाचा तो मूस रानातून बाहेर आला, सरळ शेडपाशी आला, आणि खाली बसला. बाबाने मशीन बंद केलं. त्यानंतर त्याने ते हातात घेतलं नाही. उरलेली लाकडं मी कापली, योर्डिसच्या अंगणात नेऊन. पण गावात कुठेही करवत ओरडली की बाबा खिडकीशी उठून उभा राहायचा.

शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने बंदूक साफ केली. मला वाटलं नव्हतं तो येईल. म्हणाला, येतो. आणि मोठ्या दलदलीचं मचाण मलाच द्या.

सोमवार लख्ख उजाडला. दलदलीवर धुक्याचा मागमूस नव्हता, कापूस-गवताचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलत होते. मी पलीकडे, माझ्या जागी. दुर्बिणीतून बाबाची टोपी दिसत होती. राग्नवाल्डचा कुत्रा लांब कुठेतरी एकदा भुंकला आणि गप्प झाला. मग वाळुंजातून तो बाहेर आला, फाटक्या कानाचा.

सगळे मूस दलदल ओलांडताना काठाकाठाने, भराभर जातात. हा थांबला, त्याने हवेत नाक धरलं. बाबाकडून वारा येत होता. मग तो वळला आणि संध्याकाळी गाय गोठ्याकडे येते तसा सरळ मचाणाकडे चालायला लागला. बाबा उभा राहिला. टोपी काढून हलवली. मूस जरा जलद चालायला लागला.

बाबाने बंदूक उचलली, आणि मी खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हा मारणार. दुसऱ्या कुणाच्या हातून मरण्यापेक्षा आपल्या हातून, एवढं प्रेम माणसात असतं. मी दुर्बीण खाली ठेवली नाही. गोळी सुटली. त्याच्या पुढच्या पायांशी एक कुजका बुंधा होता, त्याचे तुकडे उडाले. तो दचकून दोन उड्या मागे गेला, थांबला, कान पुढे केले. आणि पुन्हा यायला लागला.

त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. मोठा आवाज झाला, लाकडाचा वास सुटला, आता शेंडा पडणार.

बाबाने बंदूक मचाणाला टेकवून ठेवली आणि तो खाली उतरला. वाळलेल्या भूर्जाची एक जाड फांदी उचलली. मूस तोवर अगदी जवळ येऊन उभा राहिला होता, मान लांब करून. बाबाने फांदी त्याच्या नाकाडावर मारली.

त्याला कळलंच नाही. तो तसाच उभा राहिला. बाबाने पुन्हा मारलं, जोरात, फांदी मोडली. आता त्याने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले. मूस असा उभा राहिला की त्याच्या पुढच्या पायांपासून लांडगासुद्धा लांब राहतो. मी बंदूक खांद्याला लावली, पण मधे बाबा होता. बाबा मागे सरला नाही. त्याचं तोंड हलताना मला दिसत होतं. तो ओरडत होता, बरंच काही ओरडत होता, पण वारा आमच्यात आडवा होता, एक शब्द पोचला नाही. हातात काही उरलं नाही तेव्हा त्याने कमरेचा कॉफीचा थर्मास काढून फेकला. तो मूसच्या बरगडीवर आपटला.

मूस वळला. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग लांब लांब टांगा टाकत दलदलीतून पाणी उडवत गेला. कडेला पोचून एकदा मागे पाहील असं मला वाटलं. पाहिलं नाही.

बाबा मचाणाच्या खालच्या पायरीवर बसला.

रेडिओवर राग्नवाल्डचा आवाज आला. "सिक्स्टन. काय पडलं?"

 मग बाबा म्हणाला, "काही नाही. चुकलं."

मग रेडिओ इतका गप्प झाला की मला वाटलं बॅटरी गेली. सगळी टोळी आपापल्या मचाणावर बसून तो शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा ऐकत असणार.

गोळी चुकली तरी जागा तपासायची असते, जनावर जखमी होऊन गेलं नाही ना म्हणून. राग्नवाल्ड कुत्र्याला घेऊन आला, मीही चालत गेले. कुत्र्याने हुंगलं, रक्त नाही, केस नाही. राग्नवाल्डने बुंध्यातलं भोक पाहिलं. ते इतकं खाली आणि इतकं मधोमध होतं की आंधळासुद्धा तसा चुकला नसता. मग त्याने चिखल पाहिला. खुरांचे ठसे आणि बाबाच्या बुटांचे ठसे समोरासमोर, हात मिळवायला उभे असावेत तितके जवळ. मोडकी फांदी. लांब पडलेला थर्मास, पोचा आलेला.

राग्नवाल्डने थर्मास उचलून बाबाला दिला. मग त्या ठशांवरून सावकाश, वाट तुडवावी तसा, दोनदा चालला, तोवर जमिनीवर वाचण्यासारखं काही राहिलं नाही.

"साफ चुकलं," तो म्हणाला. "उद्या केक. आणि इंगेला, तू मदत करायची नाहीस."

मी केली नाही. मी फक्त ओव्हन कुठून उघडतो ते सांगितलं. बाबाने आईची जुनी वाटी काढली, संध्याकाळभर स्वयंपाकघरात खुडबूड केली. दुसऱ्या दिवशी शेकोटीपाशी केक कापला तेव्हा तो मधोमध बसला होता आणि कडेने करपला होता. बारा जणांनी तो खाल्ला. एरवी अशा केकवर दिवसभर थट्टा चालते, त्या दिवशी कुणी केली नाही. शेवटी केक खायला मुद्दाम आलेली योर्डिसच म्हणाली, "सिक्स्टन, याने मूस मेला असता." मग सगळे हसले, बाबाही, आणि तो आगीकडे तोंड करून पुष्कळ वेळ हसत राहिला.

दलदलीत तो काय ओरडत होता हे मी त्याला कधी विचारलं नाही.

एका दिवसाच्या मारावर भीती शिकवता येते का, मला ठाऊक नाही. माणसाला येत नाही. त्या शिकारीत फाटका कान कुणाला दिसला नाही, आमच्याकडे नाही आणि नदीपलीकडेही नाही. राग्नवाल्डने तिकडच्या म्होरक्याला सहज म्हणून विचारून घेतलं होतं.

मग बर्फ पडला. बाबा पुन्हा उतारावर गेला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. पण शेडमधून त्याने मशीन काढलं नव्हतं, आजोबांची लांब हातकरवत काढली होती. ती आवाज करत नाही, नुसती कुजबुजते. एक पाइन पाडायला त्याला अर्धा दिवस लागायचा. झाड पडलं की तो थांबायचा नाही, बसायचा नाही. घराकडे येणारी सरळ वाट सोडून, लांबून वळसा घालून, योर्डिसच्या शेतातून यायचा, म्हणजे मागोमाग कुणी आलंच तर आमच्या दाराशी पोचू नये. त्याचं वय बघता तो वळसा मला पसंत नव्हता. मी तसं सांगितलं, त्याने ऐकलं नाही, आमचं नेहमीचं.

पाडलेल्या झाडांकडे तो परत बघायला जात नसे. तिकडे तो मला पाठवायचा, तेही असं सांगून की जमलं तर जा.

फेब्रुवारीत मी गेले. शेंडे साफ खाल्लेले होते, साल सोलून पांढऱ्या पडलेल्या फांद्या. बर्फावर ठसे होते, एका मोठ्या जनावराचे, अगदी ताजे. मी स्कीवर उभी राहिले आणि पुढे झाडीत काहीतरी हललं.  माझ्या स्कीखालचा बर्फ किंचित करकरला, आणि एवढ्यावर ते सुटलं, फांद्यांवरचा बर्फ खाली पाडत, खड्ड्यातून उसळ्या घेत. मला पाठ दिसली आणि मागचे पाय दिसले. कान दिसला नाही.

मी घरी आले तेव्हा बाबाने कॉफी करून ठेवली होती, आणि पोचा आलेला थर्मास भरून टेबलावर उभा होता, म्हणजे दुपारी पुन्हा जाणार होता. मी स्वेटर काढला, बसले.

"खाल्लंय?" त्याने विचारलं.

"सगळं."

त्याने माझ्या कपात चीजचे तुकडे टाकले. सुरी पुसून ठेवली. तो काय विचारेल हे मला माहीत होतं आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, कान काही मी पाहिला नव्हता. पण त्याने ते विचारलं नाही.

"तुला बघून पळालं का?"

"पळालं. बघायच्याही आधी."

बाबाने मान डोलावली आणि कप दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर, उताराच्या विरुद्ध बाजूला बघत कॉफी प्यायला.